यादीचं ॲप आणि बोर्डाचं ॲप: दिसायला भावंडं, स्वभाव वेगळे

‘घर बदलणे’. माझ्या कामांच्या यादीत ही ओळ तीन महिने पडून होती. रोज सकाळी ॲप ती लाल अक्षरांत दाखवायचं आणि मी ती उद्यावर ढकलायचे. गंमत म्हणजे त्याच दिवसांत ‘वीजबिल भरणे’ या दोन मिनिटांच्या कामाचं मी ट्रेलो या दुसऱ्या ॲपवर साग्रसंगीत कार्ड केलं होतं आणि ते ‘करायचंय’, ‘चालू आहे’, ‘झालं’ अशा तीन रकान्यांतून फिरवत होते. ॲपांची काही चूक नव्हती. कामांची वाटणी मीच उलटी केली होती.

टूडूइस्ट, मायक्रोसॉफ्ट टू डू, गुगल टास्क्स आणि ट्रेलो ही नावं आपण एका दमात घेतो. फोनच्या ॲप स्टोअरमध्येही ती शेजारी-शेजारीच मिळतात. पण पहिली तीन मुळात यादीची ॲपं आहेत आणि ट्रेलो बोर्डाचं, म्हणजे फळ्यावरच्या रकान्यांतून कामाची कार्डं पुढे सरकवण्याचं.

निम्मा घोळ ‘लिस्ट’ या एका शब्दाने घातलाय. टू डूमध्ये लिस्ट म्हणजे कपाटाचा खण: घर, ऑफिस, खरेदी. काम त्या खणात बसतं, टिक केलं की नजरेआड होतं. ट्रेलोमध्ये उभ्या रकान्यालाही लिस्टच म्हणतात, पण तिथे ती खण नसून थांबा असते. कार्ड एका थांब्यावरून पुढच्या थांब्यावर जातं. यादीची सवय असलेला माणूस ट्रेलो उघडतो, सवयीने ‘घर’, ‘ऑफिस’, ‘खरेदी’ असे रकाने करतो आणि आठवड्याभरात म्हणतो, फारच किचकट आहे बुवा हे. बरोबरच आहे त्याचं. त्या बोर्डावर कार्डाला जायला जागाच नाही.

ट्रेलो 2011 मध्ये फॉग क्रीक सॉफ्टवेअर या कंपनीतून बाहेर आलं, पण त्यामागची कल्पना कारखान्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटामध्ये ताईची ओनो यांनी कानबान पद्धत बसवली. कानबान म्हणजे पाटी किंवा फलक. पुढच्या टप्प्यावर सुटे भाग वापरले गेले की कार्ड मागे यायचं आणि तेवढेच भाग नव्याने तयार व्हायचे. म्हणजे कार्डाचं खरं काम होतं जास्तीचं काम अडवणं. बोर्ड आपल्या फोनपर्यंत पोचेस्तोवर रकाने टिकले, रंगीत पट्ट्या आल्या आणि ही अडवणूक मात्र गळून पडली. ‘चालू आहे’मध्ये चौदा कार्डं असतील तर चौदा कामं चालू आहेत, ही आपणच आपली घातलेली समजूत. मी त्या रकान्याचं नावच ‘चालू आहे (फक्त तीन)’ असं ठेवलंय. तरी कधीकधी चौथं घुसतं.

बोर्डाची खरी कमाई मला वेगळ्याच ठिकाणी दिसली. यादीत कामाच्या अवस्था दोनच: झालं किंवा नाही. पण घर बदलण्यातली निम्मी कामं या दोन्हींत बसत नाहीत. सामान हलवणाऱ्याला निरोप टाकलाय, त्याचं उत्तर यायचंय. करारनामा वाचायला दिलाय, तो परत आलेला नाही. माझं काम संपलंय, पण काम संपलेलं नाही. यादीत अशी ओळ रोज सतावते: टिक करता येत नाही आणि आज करण्यासारखंही काही नसतं. बोर्डावर मी ‘वाट पाहतेय’ असा एक रकाना केला आणि ही सगळी कार्डं तिकडे नेली. तो रकाना आठवड्यातून दोनदा उघडते, एरवी त्याच्याकडे बघत नाही.

मग सगळंच बोर्डावर का नको? कारण फोन अरुंद आहे. संगणकावर पाच रकाने एका नजरेत येतात, फोनवर एक अख्खा आणि दुसऱ्याची जेमतेम कड. कार्ड हलवायचं तर बोटाखाली दाबून धरा, पडद्याच्या काठाशी न्या, पडदा सरकेपर्यंत थांबा. यादीत एक टिचकी पुरते, तीही होम स्क्रीनवरच्या विजेटमधून. उभ्या उभ्या सुचलेलं काम टिपून ठेवायला यादीच बरी.

आणि पुन्हा पुन्हा येणारी कामं तर निःसंशय यादीचीच. टूडूइस्टमध्ये तारीख इंग्रजीत टाइप करताना ‘एव्हरी’ लिहिलं की काम ठरल्या तारखेला परत येतं. त्याच शब्दाला उद्गारचिन्ह जोडलं की पुढची तारीख तुम्ही ते पूर्ण केल्या दिवसापासून मोजली जाते. भाडं महिन्याच्या एक तारखेलाच द्यायचं, तिथे साधं ‘एव्हरी’. पाण्याचा फिल्टर तीन महिन्यांनी साफ करायचा आणि यंदा वीस दिवस उशीर झाला, तर पुढचे तीन महिने आजपासून धरायला हवेत, तिथे उद्गारचिन्ह. एवढ्याशा चिन्हाने माझ्या यादीतली अर्धी लाली गेली.

मायक्रोसॉफ्ट टू डूचं ‘माय डे’, म्हणजे फक्त आजच्या कामांचं पान, हेही मला आवडतं. रोज रात्री ते कोरं होतं. राहिलेलं काम मूळ यादीत असतंच, पण सकाळी आजचं काय ते नव्याने निवडावं लागतं. थिंग्ज हे ॲप ‘कधी करायचं’ आणि ‘शेवटची मुदत’ या दोन तारखा वेगळ्या ठेवतं, पण ते फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालतं.

आता सीमा पुसट होतायत हे खरं. टूडूइस्टमध्ये बोर्डासारखी मांडणी मिळते, ट्रेलोच्या कार्डात टिक करायची यादी मावते. तरी पिंड बदलत नाही.

निवडताना आणखी एक गोष्ट बघा: आपला माल बाहेर काढता येतो का. वंडरलिस्ट हे लोकांचं लाडकं ॲप मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये विकत घेतलं आणि 6 मे 2020 रोजी बंद केलं. त्यातल्या याद्या टू डूमध्ये नेता आल्या म्हणून बरं.

माझी सध्याची व्यवस्था अशी. ‘घर बदलणे’ हा बोर्ड आहे. त्यावरच्या चालू कार्डातलं फक्त पुढचं पाऊल यादीत उतरवते, तेही फोनवर करता येईल अशा शब्दांत. ‘सामानाचं बघणे’ असं नाही. ‘सामानवाल्याला फोन करून शनिवारची वेळ पक्की करणे’ असं. ते टिक झालं की बोर्डावरचं कार्ड एक घर पुढे.

घर बदलून दीड महिना झाला. ‘पत्ता बदलणे’ हे कार्ड अजून ‘वाट पाहतेय’मध्येच आहे.