समाजमाध्यमे, शिक्षणातील (नागपूर)

मजकूर, चित्रे व ध्वनिचित्रफिती वापरणाऱ्यांनीच टाकायच्या आणि परस्परांत वाटायच्या अशी सोय असलेल्या इंटरनेट सेवांचा अध्ययन-अध्यापनासाठी होणारा वापर. मराठीत ‘समाजमाध्यम’ आणि ‘सामाजिक माध्यम’ ही दोन्ही रूपे चालतात. ‘सामाजिक’ या विशेषणाला समाजहिताची छटा असल्याने पहिले रूप अधिक नेमके वाटते.

मूळ इंग्रजी संज्ञा कोणी घडवली याबद्दल एकमत नाही. डॅरेल बेरी, टीना शार्की व टेड लिऑन्सिस ही नावे घेतली जातात आणि काळ साधारणतः १९९४ ते १९९७ असा मानला जातो. शिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाद खुद्द माध्यमाच्या उगमाचा आहे. डॅना बॉइड व निकोल एलिसन या संशोधकांनी (२००७) ‘सिक्सडिग्रीज’ (१९९७) या संकेतस्थळाला पहिला मान दिला. स्वतःचे पान, ओळखीच्यांची यादी आणि त्या याद्यांतून फिरण्याची सोय ही त्यांची कसोटी काटेकोर आहे. दुसरे मत १९७३ पर्यंत मागे जाते. इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून उभी राहत गेलेल्या ‘प्लेटो’ या संगणकीय अध्यापन यंत्रणेवर त्या वर्षी डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलाने ‘नोट्स’ हा संगणक कार्यक्रम (प्रोग्राम) लिहिला. यंत्रणेतील दोष कळवण्यासाठी तो केला होता. पाहता पाहता ती चर्चेची जागा झाली. प्रत्येक नोंदीखाली तिचीच उत्तरे लागत, हे त्याचे वैशिष्ट्य. याद्यांच्या कसोटीला तो उतरत नाही. तरी शिक्षणापुरते हेच मत ग्राह्य वाटते. पुढे यूजनेट (विषयवार चर्चांचे संगणकजाळे) ड्यूक विद्यापीठात, तर फेसबुक (२००४) हार्वर्डच्या वसतिगृहात जन्मले. समाजमाध्यम ही शिक्षणात बाहेरून घुसलेली गोष्ट, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

नागपुरात हा वापर सार्वत्रिक झाला तो प्रामुख्याने २०१६ नंतर, मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर. शहराच्या महाविद्यालयांत, शिकवण्यांत व अभ्यासिकांत गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची मुले येतात. सुट्टीत गावी गेलेला वर्ग ग्रुपवरच एकत्र राहतो. स्पर्धा परीक्षांचे साहित्य मात्र व्हॉट्सॲपपेक्षा टेलिग्रामवर अधिक फिरते. व्हॉट्सॲपवर मोठ्या फाइलींना दीर्घकाळ मर्यादा होती आणि ग्रुपमध्ये नव्याने आलेल्याला आधीचे संदेश दिसत नसत. टेलिग्रामच्या चॅनलवर उशिरा आलेलाही पहिल्या दिवसापासूनचे साहित्य उघडू शकतो. परगावाहून येऊन खोली करून राहणाऱ्या मुलाला हा मोठा आधार आहे. त्याच वाटेने पुस्तकांच्या अनधिकृत पीडीएफही फिरतात.

२०२० मध्ये राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम चालला आणि पाठ व्हॉट्सॲपवरून घरोघर गेले. घरात फोन एकच आणि तो बापासोबत कामावर, अशा मुलांचा वर्ग रात्री भरे. ज्या घरी फोनच नव्हता, तेथे तो भरलाच नाही. या माध्यमाची ही सर्वांत गंभीर उणीव होय. लक्ष विचलित होण्याची तक्रार तिच्यामागून येते.

परीक्षांवरही परिणाम झाला. प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देण्याची पद्धत राज्य मंडळाने २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील फुटीच्या प्रकारांमुळे व अफवांमुळे थांबवली आणि तेवढा वेळ शेवटी जोडून दिला. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली. वर्गाच्या ग्रुपवर मुलीचा क्रमांक सर्वांना दिसतो, हा धोका पालकांना अधिक जवळचा वाटतो.

अध्यापनाच्या अंगाने मुख्य अडचण रचनेची आहे. ‘नोट्स’मध्ये उत्तर प्रश्नाखाली राही, ग्रुपवर शंका, सूचना व सणाच्या शुभेच्छा एकाच ओघात वाहतात आणि गणिताची शंका तासाभरात वर निघून जाते. म्हणून २०१८ पासून मिळालेली व्हॉट्सॲपची ‘फक्त ॲडमिन’ ही, ग्रुप चालवणाऱ्यालाच लिहू देणारी सोय अनेक शिक्षक वापरतात. सूचना त्यामुळे हरवत नाही. पण घरी बसून शंका विचारू पाहणाऱ्या मुलाची वाट तेथेच बंद होते.