जुन्या जपानी मोटरसायकली (बेळगाव सीमाभाग)

जपानी कंपन्यांच्या सहकार्याने 1980च्या दशकात भारतात तयार होऊ लागलेल्या आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अजूनही हौसेने सांभाळल्या जाणाऱ्या मोटरसायकली. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत 350 (यामाहा आरडी 350ची भारतीय आवृत्ती) 1983मध्ये आली. शंभर सीसीच्या गाड्या त्यामागोमाग आल्या : इंड-सुझुकी एएक्स 100 (1984), हिरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100 (1985), कावासाकी बजाज केबी 100 (1986). यांत सीडी 100 तेवढी फोर-स्ट्रोक, बाकीच्या टू-स्ट्रोक. पेट्रोल कमी खाणारी म्हणून सीडी 100 शेतकऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या घरी गेली. पिकअपसाठी नाव झाले ते आरएक्सचे.

आरएक्स 100चे इंजिन 98 सीसीचे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही 50 मिमी. 7500 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 11 हॉर्सपॉवर, आणि गाडीचे वजन जेमतेम शंभर किलोच्या घरात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणून तेवढ्याच सीसीत जोर जास्त मिळतो. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रीड व्हॉल्व्ह आत आलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण उलटे फिरू देत नाही, त्यामुळे कमी वेगातही गाडी ओढते.

हे आकडे मात्र निरोगी इंजिनाचे. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीचा जोर कंपनीच्या कागदावर नव्हे, बोअर, पिस्टनच्या रिंगा आणि क्रँकच्या ऑइल सीलवर (दांड्याभोवतीच्या रबरी कड्यांवर) अवलंबून असतो. सील गळू लागले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो आणि गाडी सीज होते, म्हणजे इंजिन जाम होते. नुसता पिस्टन बदलून हा दोष जात नाही, तरी पुष्कळदा तेवढेच केले जाते. बोअर झिजला तर सिलिंडर रिबोअर करून (आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉपमुळे बेळगावला यंत्रकामाची जुनी परंपरा आहे, पण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मोजून काम करणारा मेस्त्री भेटणे महत्त्वाचे. सायलेन्सर आतून पोकळ करणे ही तर खरी नासधूस : टू-स्ट्रोकचा सायलेन्सर दाबाच्या लाटा परतवून ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये राखतो. तो बिघडवला की आवाज वाढतो आणि चढाला गाडी दम टाकते.

या गाड्यांचा कस लागतो चोर्ला घाटात. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे गोव्याला उतरताना टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाने गाडी रोखणे) फारच थोडा मिळतो आणि सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो. त्यात थ्रॉटल बंद ठेवून लांब उतार उतरला तर इंजिनाला पेट्रोलबरोबर ऑइलही कमी मिळते. जाणकार चालक म्हणून मधूनमधून थोडी रेस देतात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या गाडीला तर ते फारच जरूर. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात ड्रम ओले होऊन ब्रेक उशिरा धरतो. पाणी ओलांडल्यावर ब्रेक हलके दाबून ते सुकवावेत.

धुराचे नियम कडक होत गेले तशा टू-स्ट्रोक मागे पडल्या. आरएक्स 100चे उत्पादन 1996मध्ये थांबले, पुढे आरएक्स 135 काही वर्षे चालली. आता चांगल्या स्थितीतल्या गाडीला भरपूर भाव येतो आणि ती कोल्हापूरकडून निपाणीत, बेळगावातून गोव्यात हात बदलते. एमएच 09 (कोल्हापूर) पासिंगची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून केए 22 (बेळगाव) किंवा केए 23 (चिकोडी) क्रमांक घ्यावा लागतो, इथला कर भरावा लागतो. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. इंजिन आणि चॅसीचे क्रमांक आरसी बुकाशी जुळतात का, हे व्यवहाराआधी स्वतः तपासावे. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवलेल्या आरएक्स या भागातही विकायला येतात.