गोळी जुनी, त्रास नवा

बीपीची नवी गोळी सुरू केली आणि थोड्याच दिवसांत पायांवर सूज आली, तर संशय लगेच गोळीवर जातो. ॲम्लोडिपिनचा हा दुष्परिणाम डॉक्टरांना पाठ असतो. डोस कमी केला किंवा गोळी बदलली की बहुतेकदा भागतं. पण दोन-तीन वर्षं बिनतक्रार घेतलेल्या गोळीनं त्रास सुरू केला तर? ‘ती तर मी कधीपासून घेतोय’ म्हणत आपण तिला चौकशीआधीच सोडून देतो. ओल्मेसार्टन या बीपीच्याच गोळीच्या बाबतीत डॉक्टरांचंही तसंच झालं.

या औषधाला अमेरिकेत २००२ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडेही ते भरपूर खपतं, एकटं किंवा ॲम्लोडिपिनसारख्या औषधाच्या जोडीनं. २०१२ मध्ये मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकचे डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सगळ्यांना न थांबणारे जुलाब. वजन इतकं उतरलेलं, की निम्म्या जणांनी १८ किलो किंवा त्याहून जास्त गमावलं होतं. १४ जणांना इस्पितळात दाखल करावं लागलं. लहान आतड्याचा तुकडा तपासला, तर अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजून सपाट झालेले दिसले. असं चित्र सिलिॲक आजारात, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्यांत दिसतं. मग गहू बंद करून पाहिला, तरी फरक पडेना. सिलिॲकच्या रक्तचाचण्याही निगेटिव्ह. समान धागा एकच होता, सगळे ओल्मेसार्टन घेत होते. ते थांबवल्यावर जुलाब थांबले, आणि ज्या १८ जणांच्या आतड्याचा तुकडा पुन्हा तपासला त्या सर्वांचं आतडं सुधारलेलं होतं.

असा धागा सापडणं सोपं नसतं. जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की रक्तदाब उतरतो, त्यामुळे इस्पितळात बीपीची गोळी साहजिकच थांबवली जाते. पेशंटला बरं वाटू लागलं, तर श्रेय सलाइनला जातं. घरी परतल्यावर गोळी पुन्हा सुरू होते, त्रासही परततो, आणि दोष ‘बाहेरच्या खाण्याला’ दिला जातो.

मंजुरीआधी किंवा नंतरच्या मोठ्या चाचण्यांत हे कसं दिसलं नाही? गणित करून पाहू. ओल्मेसार्टनच्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह असलेले ४,४४७ लोक होते आणि पाठपुरावा साधारण ३.२ वर्षांचा होता. निम्म्यांना औषध, म्हणजे सुमारे सात हजार व्यक्ती-वर्षं (माणसं गुणिले प्रत्येकाची वर्षं). फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून पुढे जो दर निघाला, तो वर्षाला लाखामागे ५.६ जणांचा होता; इतक्यांना अन्नशोषणाच्या बिघाडामुळे दाखल व्हावं लागलं. या दरानं त्या चाचणीत अर्धा रुग्णसुद्धा सापडला नसता. चाचणी वाईट नव्हती, लहान होती.

फ्रान्सचा तो अभ्यास मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४५ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी होत्या. बीपीचीच एनालाप्रिलच्या गटातली, म्हणजे एसीई इन्हिबिटर औषधं घेणाऱ्यांशी तुलना केली, तर ओल्मेसार्टनवाल्यांना पहिल्या वर्षात जास्त धोका नव्हता. एक ते दोन वर्षांत तो साडेतीन पटींहून अधिक झाला, दोन वर्षांनंतर दहा पटींच्या वर गेला. तरीही एकूण आकडा लाखात मोजकाच, हे विसरायचं नाही. त्याआधीच, २०१३ मध्ये, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रक संस्थेनं, गोळीच्या माहितीपत्रकात इशारा घालायला लावला होता. त्यांच्याकडे आलेल्या २३ गंभीर नोंदींत गोळी बंद केल्यावर सगळे सुधारले होते, आणि दहा जणांना गोळी पुन्हा घेतल्यावर त्रास पुन्हा झाला होता.

बंद केल्यावर जातो आणि सुरू केल्यावर येतो, हा पुरावा वजनदार. बाकी एकेकट्या तक्रारीतून फक्त संशय उभा राहतो, कारण किती जणांनी गोळी घेतली हे तक्रारीत नसतं. भागाकार करायला फ्रान्ससारख्या नोंदी लागतात. आपल्याकडे पेशंट तीन डॉक्टरांकडे जातो, चिठ्ठ्या फायलीत किंवा उशीखाली, आणि औषध लक्षात असतं ते ‘सकाळची पांढरी गोळी’ म्हणून.

म्हणूनच आपल्याकडे साध्या तक्रारीचंही मोल जास्त आहे. औषधांच्या दुष्परिणामांच्या तक्रारी गोळा करणारा भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत. रुग्णही स्वतः कळवू शकतात. त्यांच्यासाठीचा फॉर्म मराठीत आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक आहे. खात्री असण्याची अट नाही, संशय पुरतो. मात्र संशय आला म्हणून गोळी मनानं बंद करू नये; मेटोप्रोलॉलसारखी बीपी आणि हृदयासाठीची बीटा-ब्लॉकर औषधं अचानक सोडली तर हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो.

कधी कधी दोष रेणूत नसून कारखान्यात असतो. जुलै २०१८ मध्ये चीनच्या झेजियांग हुआहाई कंपनीच्या वल्सार्टन या बीपीच्या औषधामध्ये एनडीएमए हे कर्करोगाला कारण ठरू शकणारं रसायन सापडलं. २०१२ मध्ये उत्पादनाची पद्धत बदलली होती, तिच्यातून ते तयार होत होतं. एफडीएच्या अंदाजानुसार, ८,००० लोकांनी चार वर्षं रोज सर्वांत मोठा डोस घेतला, तर कर्करोगाचा एक जादा रुग्ण. गोळ्या परत मागवल्या गेल्या त्या बॅच नंबरवरून. आपल्याकडे मेडिकलवाला कात्रीनं चार गोळ्या कापून देतो, तेव्हा बॅच नंबर बऱ्याचदा त्याच्याकडच्या तुकड्यावरच राहतो. डॉक्टर भरतात त्या तक्रारीच्या फॉर्मवर मात्र त्यासाठी रकाना आहे, म्हणून निदान बिल मागून घ्यावं. त्यावर बॅच नंबर छापलेला असायला हवा.