शुश्रूषा केंद्रांतील स्वयंपाकघर : अन्नसुरक्षा व कर्मचारी-स्वच्छता

वृद्धाश्रम, पुनर्वसन केंद्रे व दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांत अन्न शिजवताना, साठवताना आणि भरवताना पाळायचे नियम. धडधाकट माणसाला एरवी दोन दिवसांच्या जुलाबांवर निभावणारा संसर्ग इथे शरीरातले पाणी कमी होऊन जिवावर बेततो, त्यामुळे उपाहारगृहांपेक्षा इथली शिस्त कडक असते.

अन्नाच्या मध्यभागी किमान ७०° से. तापमान गाठावे लागते. शिजलेले अन्न ६०° से.च्या वर गरम किंवा ५° से.च्या खाली थंड ठेवतात. खरी गडबड बहुधा शिजवल्यानंतर होते. क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू (कडक कवचातली सुप्त रूपे) उकळूनही टिकतात आणि मोठे पातेले तसेच निवत ठेवले की मधल्या कोमट भागात वाढीला लागतात. म्हणून अन्न उथळ ट्रेमध्ये पसरून २ तासांत २१° से. व पुढच्या ४ तासांत ५° से.पर्यंत आणतात. लिस्टेरिया हा जिवाणू मात्र फ्रीजमध्येही वाढतो; थंडच खायचे तयार पदार्थ म्हणूनच फार दिवस ठेवत नाहीत.

गिळायला त्रास होणाऱ्यांचे मिक्सरमध्ये वाटलेले अन्न ही सर्वांत दुर्लक्षित जागा. वाटताना अन्न निवते, त्यामुळे ते पुन्हा ७४° से.पर्यंत गरम करावे लागते. मिक्सरचे भांडे नुसते विसळून भागत नाही. पात्याखालच्या रबरी वायसरमागे चिकट थर साचतो आणि पुढच्या घाण्यात उतरतो. पाते व वायसर काढून साबणाने घासायचे, मग क्लोरीनच्या पाण्याने निर्जंतुक करून पूर्ण वाळवायचे. खरकटे राहिले तर क्लोरीनचा जोर त्यातच संपतो.

हात वेगळ्या बेसिनमध्ये साबणाने निदान २० सेकंद धुऊन कागदी रुमालाने पुसतात. अंगठ्या, घड्याळ, वाढलेली नखे चालत नाहीत. जखमेवर निळी जलरोधक पट्टी लावतात. ती अन्नात पडली तर चटकन दिसते. जखमेतल्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूने अन्नात सोडलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. हातमोज्यांचा भरवसा फसवा असतो : मोजे घातलेला माणूस दाराची मूठ, फोन, कच्चे मांस सगळ्याला हात लावतो आणि हात धुणे विसरतो. कपडे-बिछाना बदलून आलेल्या परिचारकानेही भरवण्यापूर्वी हात धुऊन एप्रन बदलायचा असतो.

जुलाब-उलट्या थांबल्यानंतर ४८ तास कर्मचाऱ्याने अन्नाजवळ येऊ नये. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर अल्कोहोल जेल भरवशाचे नाही, साबण-पाणीच लागते. आजारपणाच्या दिवसांचा पगार कापला जात असेल, तर हा नियम भिंतीवरच राहतो. लोक आजार लपवून कामावर येतात.