सिलिकॉनमधली जी भेसळ बिडाला (कास्ट आयर्नला) चालते, ती अ‍ॅल्युमिनियमला का चालत नाही?

सिलिकॉन धातूच्या ग्रेडचे नाव सिलिकॉनवरून पडत नाही, त्यात राहिलेल्या भेसळीवरून पडते. ५५३ म्हणजे लोह जास्तीत जास्त ०.५ टक्के, अ‍ॅल्युमिनियम ०.५ आणि कॅल्शियम ०.३. ४४१ मध्ये हेच आकडे ०.४, ०.४ आणि ०.१ होतात, तर २२०२ मध्ये ०.२, ०.२ आणि ०.०२.

गारगोटी आणि कोळसा विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंशांवर तापवून हा धातू काढतात. टनाला साधारण ११ ते १३ हजार युनिट वीज लागते, त्यामुळे तो स्वस्त कधीच नसतो.

५५३ आणि ४४१ मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामात जातात. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, १२.६ टक्के सिलिकॉन असलेले ५७७ अंशांनाच. रस पातळ होतो, साच्याचा कोपरान् कोपरा भरतो. पण सिलिकॉनबरोबर लोह आत शिरले, की थंड होताना त्याचे सुईसारखे ठिसूळ स्फटिक बनतात आणि तडा तिथूनच जातो. ग्रेडचा पहिला आकडा लोहाचा असतो, तो म्हणून महत्त्वाचा. सिलिकोन रबराच्या कारखान्यांना ४२१ सारखे ग्रेड लागतात. सोलर पॅनेलसाठी तर धातूपासून आधी ट्रायक्लोरोसिलेन नावाचे द्रव संयुग बनवून, ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा सिलिकॉन मिळवावे लागते.

आता कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांकडे (ओतकामाच्या कारखान्यांकडे) या. इथे मुख्य काम बिडाचे, आणि बिडाला लागते फेरोसिलिकॉन. त्यात ७५ टक्के सिलिकॉन, उरलेले बहुतेक लोहच. ते लोखंडाच्या रसातच मिसळणार, मग ते वेगळे काढण्याचा खर्च कशाला?

त्याहून मोठी गंमत फेरोसिलिकॉनमधल्या कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमची आहे. ओतण्याआधी लॅडलमध्ये (रस वाहून नेण्याच्या भांड्यात) टाकलेले फेरोसिलिकॉनचे खडे रसात ग्राफाइटची बीजे तयार करतात. ही बीजे म्हणजे प्रामुख्याने कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमसारख्या घटकांची सूक्ष्म ऑक्साइड आणि सल्फाइड संयुगे. हे दोन्ही काढून टाकलेले फेरोसिलिकॉन या कामात फारच कमकुवत ठरते. मग पातळ भाग पांढरा, कडक येतो आणि मशीन शॉपमध्ये टूल खातो. बीजांचा परिणामही काही मिनिटांतच ओसरू लागतो, म्हणून ओतायला उशीर परवडत नाही.

फेरोसिलिकॉन घेताना टेस्ट सर्टिफिकेटवर सिलिकॉनच्या टक्क्यांखालचे आकडेही वाचावेत. कॅल्शियम नसेल तर माल कडक येईल. अ‍ॅल्युमिनियम फार झाले, तर ओलाव्यातला हायड्रोजन रसात ओढला जाऊन कातडीखाली बारीक छिद्रे पडतील.