मूकपटातली माणसं खरंच तुरुतुरु चालायची का?

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: मूकपटांच्या काळात तंत्र कच्चं होतं, त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकांनाही पडद्यावर माणसं अशीच तुरुतुरु पळताना दिसायची.

असं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्याला ते चित्रपट बहुतेकदा तसेच पाहायला मिळाले. पण गडबड चित्रीकरणात नाही, नंतरच्या प्रक्षेपणात आहे. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी (म्हणजे सुटी स्थिर चित्रं) टिपल्या जात, कधी त्याहून जास्त. प्रोजेक्टरचा वेगही बदलता येई. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले. आवाज फिल्मवरच छापायचा, तर वेग पक्का हवा, नाहीतर गाणं बेसूर व्हायचं! म्हणून २४ चौकटी ठरल्या. आता १६ चौकटींनी टिपलेलं मिनिटभराचं दृश्य २४ ने चालवलं की ४० सेकंदांत उरकतं. म्हणून ती धावपळ.

पडताळा घरबसल्या घेता येतो. यूट्यूबवर अशी एखादी पळणारी जुनी फिल्म लावा आणि वेग ०.७५ करा, १८ चौकटींचं चित्रण जवळजवळ मूळ गतीला येतं. माणसांकडे नको, पडणाऱ्या टोपीकडे बघा. नट घाईने चालू शकतो, टोपीला घाई कशी शिकवणार?

एक अपवाद मात्र खरा. विनोदी पाठलागात दांडा मुद्दाम सावकाश फिरवत, म्हणजे पडद्यावर धांदल उडे. तिथला वेग दिग्दर्शकालाच हवा होता.