जोड जितका घट्ट, तितकी थरथर कमी? तसं नाही

‘वेल्डिंग मारा, हादरे बंद होतील,’ हे फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं. वेल्डिंगने सांगाडा ताठ होतो, हे खरं. पण थरथर जिरणं ही वेगळीच गोष्ट आहे. बोल्टने आवळलेल्या दोन पट्ट्या वॉशरच्या कडेजवळ केसाच्या जाडीहूनही कमी सरकतात, एकमेकींवर घासतात आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. तिथे कधी तांबूस भुकटी दिसते, ती याच घासण्याची. ती वाढत असेल तर जोड तपासाच. वाऱ्याच्या भारासाठीच्या आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकातही अवमंदन गुणोत्तर, म्हणजे थरथर किती लवकर जिरते याचं माप, वेल्डिंगच्या पोलादी बांधकामाला १ टक्का, तर बोल्टच्या बांधकामाला २ टक्के धरलंय. पण म्हणून कृपा करून बोल्ट सैल सोडू नका! सैल जोड खडखडतो, झिजतो आणि एक दिवस नटच गळून पडतो.